संध्याकाळी सहाचं रडू डिप्रेशनचं की उतरत्या गोळीचं?

पत्र: वय ३२, साताऱ्याजवळ राहते, पतसंस्थेत नोकरी. दीड वर्षापासून डिप्रेशनसाठी रोज सकाळी फ्लुऑक्सेटिन २० मिलिग्रॅम घेते, त्याने सावरले. चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या मनोविकारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं अवघड जाण्याचा विकार) निदान करून दिवसभर चालणारी मिथाइलफेनिडेट १८ मिलिग्रॅम सुरू केली, ती ७ वाजता घेते. कामातल्या चुका कमी झाल्या, पण रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास उगाच रडू येतं, मुलीवर खेकसते. फ्लुऑक्सेटिन वाढवून घेऊ का? मोबाइलवरच्या औषधांच्या ॲपमध्ये दोन्ही नावं टाकली की पिवळी खूण येते, त्याचीही भीती वाटते. म्हणून रविवारी दोन्ही गोळ्यांना सुट्टी देते. मिथाइलफेनिडेट आमच्याकडच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. इथल्या डॉक्टरांनी त्याऐवजी ॲटोमॉक्सेटिन लिहून दिलंय, ४० मिलिग्रॅम तीन दिवस आणि चौथ्या दिवसापासून ८०. फ्लुऑक्सेटिन चालू आहे हे त्यांना सांगायचं राहून गेलं. न्यू जर्सीचा भाऊ म्हणतो, दिवाळीला येताना माझी एडीएचडीची गोळी, ॲडरॉल, आणतो. काय करू?

उत्तर:

रडण्याचं उत्तर देणारच आहे, पण त्याआधी ती ॲटोमॉक्सेटिनची चिठ्ठी. स्ट्रिप आणली असेल तर कपाटात राहू द्या, अजून सुरू करू नका. तुमच्या पत्रातली खरी अडचण पिवळ्या खुणेच्या जोडीत नाही, या नव्या जोडीत आहे. गंमत अशी की बहुतेकांना नेमकं उलटं वाटतं. मिथाइलफेनिडेट स्टिम्युलंट (उत्तेजक) म्हणून कडक, ॲटोमॉक्सेटिन स्टिम्युलंट नाही म्हणून सौम्य, असा हिशेब असतो. फ्लुऑक्सेटिन पोटात असताना तो हिशेब चुकतो.

यकृतात सीवायपी २डी६ नावाचं एक एन्झाइम असतं. ॲटोमॉक्सेटिन शरीराबाहेर पडतं ते मुख्यतः त्याच्या हातून. पुणे-सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरच्या नाक्यावर एक सोडून सगळ्या लेन बंद केल्या तर जे होईल, तेच फ्लुऑक्सेटिन या एन्झाइमचं करतं. मागून गाड्या येतच राहतात, पुढे सरकत नाहीत. एरवी सुमारे ५ तासांत रक्तातलं ॲटोमॉक्सेटिन निम्म्यावर येतं, नाका जवळपास बंद असला की त्याला २० तासांच्या वर लागतात. फ्लुऑक्सेटिन किंवा त्याच जातीची पॅरॉक्सेटिन चालू असताना शरीराच्या वाट्याला येणारं एकूण ॲटोमॉक्सेटिन साधारण ६ ते ८ पट होतं आणि रक्तातली सर्वोच्च पातळी ३ ते ४ पट. म्हणजे चिठ्ठीवर ८० लिहिलेलं असलं तरी अंगाला त्याच्या कितीतरी पट लागणार.

त्यात 'तीन दिवस ४०, मग ८०' हा क्रम नाका उघडा असलेल्या माणसासाठी आहे. तुमच्या बाबतीत ४० ची पातळी स्थिर व्हायलाच चार-पाच दिवस लागतील, आणि ती होण्याआधीच चौथ्या दिवशी तुम्ही डोस दुप्पट केलेला असेल. मग धडधड, बीपी वाढणं, मळमळ, तोंडाला कोरड, लघवीला अडखळणं, रात्र रात्र झोप न येणं. डॉक्टरांनी नेहमीचाच क्रम लिहिला, त्यांना अर्धीच माहिती होती. फोन करून एवढंच सांगा: "डॉक्टर, मी दीड वर्ष फ्लुऑक्सेटिन २० घेतेय, मागच्या वेळी सांगायचं राहिलं. ॲटोमॉक्सेटिनचा क्रम बदलावा लागेल का?" ही जोडी द्यायचीच ठरली तर प्रौढांसाठी रीत अशी आहे: ४० वर सुरुवात, निदान ४ आठवडे तिथेच मुक्काम, आणि उपयोग होत नसेल पण सोसत असेल तरच ८०. फ्लुऑक्सेटिन बदलून सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्रॅम देण्याचा पर्यायही असतो, नेहमीच्या डोसला त्या दोन्ही हा नाका फारशा अडवत नाहीत. मात्र फ्लुऑक्सेटिन आज बंद केली म्हणून नाका उद्या उघडत नाही. तिचा शरीरात तयार होणारा अवशेष निम्म्यावर यायलाच ४ ते १६ दिवस घेतो, त्यामुळे जवळपास ५ आठवडे परिणाम रेंगाळतो. शिवाय जिने सावरलं ती गोळी, केवळ दुसरी मेडिकलमध्ये मिळत नाही म्हणून हलवावी, हे मला तरी पटत नाही.

आता पिवळी खूण. मिथाइलफेनिडेट या नाक्यावर येतच नाही. तिचा रस्ता वेगळा, तिला कार्बोक्सिलएस्टरेज नावाचं दुसरं एन्झाइम मोडतं. त्यामुळे फ्लुऑक्सेटिनने तिची पातळी अशी फुगत नाही. डिप्रेशन आणि एडीएचडी दोन्ही असलेल्यांना मनोविकारतज्ज्ञ ही जोडी देतात आणि तुमचे चार महिने तसेच गेलेत. मग खूण कशासाठी? मिथाइलफेनिडेटच्या माहितीपत्रकात ती काही डिप्रेशनविरोधी औषधांचं विघटन मंदावू शकते असा इशारा आहे, मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन फार वाढल्याच्या तुरळक नोंदी आहेत, आणि दोन्ही गोळ्या झोप, भूक व अस्वस्थता यांना हात घालतात. ॲप हे सगळं एका रंगात रंगवतं. पिवळ्याचा अर्थ 'लक्ष ठेवा' एवढाच घ्या.

ॲडरॉलचं उत्तर नाही असंच आहे. ती ॲम्फेटामिन, मिथाइलफेनिडेटची बहीण नव्हे. ती काही अंशी याच २डी६ नाक्यावरून जाते, सेरोटोनिनही वाढवते, आणि फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधांबरोबर घेण्याबद्दल तिच्या माहितीपत्रकात स्पष्ट इशारा आहे. दुसरं म्हणजे भारतात ॲम्फेटामिन १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. दुसऱ्याच्या नावाची बाटली तुमच्यासाठी म्हणून आणली, तर विमानतळावर भाऊ आणि घरी तुम्ही, दोघंही अडचणीत. त्याला म्हणावं, चॉकलेटं आण.

आता सहाचं रडू. पत्रात सकाळी ७ आणि संध्याकाळी ६ अशा दोन्ही वेळा लिहिल्यात ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. दिवसभर चालणारी मिथाइलफेनिडेट साधारण १० ते १२ तास चालते. त्यातला एक प्रकार पंपासारखा असतो: बाहेरच्या लेपात सुमारे २२ टक्के औषध, ते तासाभरात लागू होतं, आणि उरलेलं आतून, लेझरने पाडलेल्या बारीक भोकातून हळूहळू बाहेर ढकललं जातं. कवच विरघळत नाही, ते शौचातून तसंच पडतं. बरेच जण ते पाहून गोळी लागूच झाली नाही असं समजतात आणि दुसरी घेतात. तसं करू नका, आणि ही गोळी मोडून किंवा चावून कधीच घेऊ नका. ७ ला घेतलेली गोळी सहाला उतरणीला लागते. पकड सुटताना काहींना तासभर चिडचिड, रडू, गळून गेल्यासारखं होतं. डिप्रेशन परतलं की ते सहसा असं घड्याळ पाहून येत नाही.

तरी माझ्या अंदाजावर जाऊ नका, दहा दिवस वही ठेवा. एका दिवसाची ओळ अशी: 'उठल्यावर मूड ६. ७ गोळी, पोहे अर्धी बशी. १२ मूड ७. १.३० डबा, एकच पोळी, भाजी परत. ४ मूड ७. ६.१० रडू, मूड २. ७.३० जेवले. ८.३० मूड ६. झोपण्याआधी मूड ६. झोप ११.४०.' मूडला दहापैकी गुण द्यायचे, रोज त्याच चार वेळांना: उठल्यावर, दुपारी १२ ला, ४ ला आणि झोपण्याआधी. मध्ये काही झालं तर वेळेसकट टिपायचं. गोळी घेतली नाही तो दिवस लाल पेनाने.

वही वाचायची कशी? रोज त्याच तासाला खड्डा आणि दीड-दोन तासांत वर, तर उतरती गोळी. सकाळी उठल्यापासूनच जड, पहाटे चारला जाग, कशातच रस नाही, आणि हे दोन आठवडे सलग, तर डिप्रेशनकडे पाहायला हवं. तिसरं चित्र फार लोक ओळखत नाहीत: ९ ते ४ माणूस यंत्रासारखा सपाट, ना हसू ना राग, आणि संध्याकाळी गोळी उतरली की मोकळा होतो. तिथे मिथाइलफेनिडेटचा डोस जास्त झालेला असू शकतो. तोच सपाटपणा चोवीस तास आणि रविवारीही असेल, तर संशय फ्लुऑक्सेटिनवर.

तुमचा रविवार नकळत झालेला प्रयोगच आहे. त्या दिवशी मिथाइलफेनिडेट घेत नाही, मग रविवारी सहाला रडू येतं का? पत्रात ते नाही, पण तुम्हाला आठवत असेल. फ्लुऑक्सेटिन एक दिवस चुकली तरी शरीरात तशीच असते, त्यामुळे रविवारचा फरक मिथाइलफेनिडेटच्याच खात्यावर टाका. मात्र हा प्रयोग आता अर्धा बंद करायचा. मिथाइलफेनिडेटला सुट्टी द्यायला काही डॉक्टर हो म्हणतात, त्यांना विचारून द्या. फ्लुऑक्सेटिनला सुट्टी नाही. ती रेंगाळणारी असल्याने तुम्हाला चुकल्याचं कळत नाही इतकंच. व्हेन्लाफॅक्सिन किंवा पॅरॉक्सेटिन घेणाऱ्याने असं केलं तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होऊ लागतं.

सहाचा खड्डा उतरत्या गोळीचा निघाला, तर फ्लुऑक्सेटिन वाढवून तो भरत नाही. वाढलेल्या डोसचा गुण कळायला चार आठवडे जातात, त्या काळात अस्वस्थता आणि झोप बिघडू शकते, आणि सहा वाजता गोळी उतरायची ती उतरतेच. पहिला आठवडा डब्यावर लक्ष द्या. मिथाइलफेनिडेट दुपारची भूक मारते, भाजी-पोळी परत येते, आणि सहाला औषध व पोट एकदमच रिकामं होतं. गोळीआधी पोटभर नाश्ता, दीडला भूक नसली तरी अर्धा डबा, साडेचारला मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा दह्यासोबत थालीपीठ. नुसत्या चहावर भागवू नका. चतुर्थीचा उपास धरत असाल तर त्या दिवशी चहावर चहा आणि रिकामं पोट, यानेच धडधड वाढते. ताक, राजगिरा, दाणे घ्या. आठवड्यातून एकदा एकाच काट्यावर वजन टिपा, भूक या दोन्ही गोळ्या कमी करू शकतात.

एवढ्याने भागलं नाही तर पुण्याच्या डॉक्टरांना वही दाखवून विचारा: गोळीची वेळ ८ वर न्यायची का, की दुपारी चारच्या आसपास ३-४ तास चालणारी ५ मिलिग्रॅमची साधी मिथाइलफेनिडेट जोडायची, म्हणजे उतार एकदम न येता हळू येईल. दुसऱ्या पर्यायाची किंमत झोपेत मोजावी लागू शकते, म्हणून झोपेची वेळ वहीत हवी. काहीही ठरलं तरी एका वेळी एकच बदल. एकाच आठवड्यात दोन गोळ्यांचे डोस हलवले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हे कोणीच सांगू शकत नाही.

बीपी आणि नाडी घरीच मोजा, दंडावर बांधायचं मशीन चांगलं. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. एकदा सकाळी गोळीआधी आणि एकदा दुपारी २-३ ला, तेव्हा औषध चढलेलं असतं. डोस बदलला की पहिला आठवडा रोज, एरवी महिन्यातून दोनदा पुरे. मिथाइलफेनिडेटने बीपी सरासरी २ ते ४ अंकांनी आणि नाडी ३ ते ६ ठोक्यांनी वाढते, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण सरासरीच्या बाहेरचीही माणसं असतात. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या वर पुन्हा पुन्हा आला, किंवा बसल्या जागी नाडी १०० च्या वर राहू लागली, तर डॉक्टरांना कळवा. १२० च्या वर दोनदा आली तर त्याच दिवशी. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात तर थेट रुग्णालय. घरात कोणी तरुण वयात अचानक हृदयाने गेलं असेल तर तेही आधीच सांगा, मग ईसीजी काढायचा की नाही ते ठरतं.

धडधड होते म्हटल्यावर एखाद्याने नाडी मंद करणारं प्रोप्रानोलॉल किंवा मेटोप्रोलॉल सहज लिहून दिलं, तर पुन्हा तोच नाका आठवा. फ्लुऑक्सेटिनमुळे त्यांचीही पातळी वाढते आणि नाडी फार मंद होऊ शकते. पाठदुखीसाठी किंवा झोपेसाठी मिळणाऱ्या अमिट्रिप्टिलिनचीही पातळी अशीच वाढते.

सर्दी-खोकल्यात मात्र लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण ती औषधं आपण औषधांत धरतच नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं, काहींत वर कॅफिनही. मिथाइलफेनिडेटबरोबर बीपी चढायला हे पुरतं. कोरड्या खोकल्याच्या पातळ औषधात डेक्स्ट्रोमेथॉर्फन आहे का ते बाटलीमागे वाचा, असेल तर नको: ते सेरोटोनिन वाढवतं आणि फ्लुऑक्सेटिनमुळे शरीरात साचतंही. ट्रॅमाडॉल नको, सेरोटोनिन आणि फिट्सचा धोका वाढतो, शिवाय फ्लुऑक्सेटिन असताना ते वेदनेवर पूर्ण कामही करत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता फ्लुऑक्सेटिनबरोबर वाढते, ताप-डोकेदुखीला साधी पॅरासिटामॉल घ्या. आणि कोणी लिनेझोलिड हे अँटिबायोटिक लिहिलं, तर दोन्ही गोळ्यांची नावं सांगितल्याशिवाय पहिला डोसही घेऊ नका. टीबीच्या काही उपचारांत ते असतं, आणि त्याचा या दोन्हींशी खरा, गंभीर संघर्ष आहे.

नवी गोळी किंवा नवा डोस घेतल्यावर काही तासांत, बहुधा दिवसभरात, एकदम घाम, थरथर, जुलाब, ताप, डोकं भ्रमिष्ट झाल्यासारखं आणि विशेषतः पाय आपोआप झटकू लागले, तर सेरोटोनिन फार वाढल्याची ती लक्षणं. पुढची गोळी न घेता, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून रुग्णालयात जायचं. दुसरं लक्षण लोकांना आवडतं म्हणून सुटतं: तीन-तीन तास झोपूनही चार दिवस थकवा नाही, बोलणं थांबत नाही, खरेदीला ऊत आलेला. दोन्ही गोळ्या छुपा बायपोलर (मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार) उघडा पाडू शकतात. घरात कोणाला तो आजार असेल तर डॉक्टरांना आत्ताच सांगा. मरणाचे विचार आले तर वही भरत बसू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरांना फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कधीही लागतो आणि मोफत आहे.

उरला मेडिकलचा प्रश्न, ज्यापायी हे सगळं रामायण झालं. मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येते. ती विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, साठा कुलपात ठेवावा लागतो, आणि चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. एक प्रत तो दोन वर्षं जपून ठेवतो. म्हणून गल्लीतला मेडिकलवाला ती ठेवत नाही, तुमच्यावर संशय आहे म्हणून नव्हे. २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार ही गोळी व्हिडिओ कॉलवर लिहून देता येत नाही, प्रत्यक्ष भेटावंच लागतं. तेव्हा पुढच्या भेटीत चिठ्ठी दोन प्रतींत मागा, औषधाचं नाव, ताकद, रोजची संख्या आणि एकूण गोळ्या स्पष्ट लिहिल्यात का ते तिथेच पाहा. रुग्णालयाच्या आवारातल्या मेडिकलमध्ये साठा असण्याची शक्यता जास्त, निघण्याआधी फोन करून '१८ मिलिग्रॅम, दिवसभर चालणारी, किती गोळ्या आहेत' असं विचारा. साताऱ्यातल्या मोठ्या रुग्णालयांच्या मेडिकलमध्येही विचारून ठेवा, कदाचित पुण्याची फेरी वाचेल. आणि घरात दहा गोळ्या उरल्या की कॅलेंडरवर खूण, शेवटच्या गोळीपर्यंत थांबायचं नाही.